तापली की बंद पडणारी गाडी

खोली बघायला गेलो त्या दिवशी घरमालक सरांनी मला वरच्या मजल्यावर पाठवलं आणि स्वतः खाली पलंगावर डोळे मिटून आडवे झाले.

"इकडून तिकडं चाला," खालून आवाज आला. मी चाललो. "आता बादली सरकवा." सरकवली. "आता शिंका." मला शिंक येईना. "येत नसंल तर खोका." त्या रिकाम्या खोलीत मधोमध उभा राहून मी खोकलो.

खाली आलो तेव्हा ते उठून बसले होते. "पावलं जड आहेत, पण एका चालीत पडतात. चालंल," म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. घरात येणाऱ्या प्रत्येकाची आधीच माफी मागून ठेवावी तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी मूळचा सोयगावकडचा. वाळूजच्या एका कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात लागलो होतो आणि कंपनीची बस जवळ थांबेल अशी खोली मला संभाजीनगरच्या सिडकोत हवी होती. माझं काम ट्रकमध्ये खोकी चढवून घ्यायचं. पण कारखान्यात आहे म्हटल्यावर सरांनी पहिल्या दिवसापासून मला 'इंजिनिअर' करून टाकलं. मी एकदा-दोनदा सांगून बघितलं, मग नाद सोडला. आयुष्यात न तपासता त्यांनी मान्य केलेल्या फार थोड्या गोष्टींपैकी ही एक.

कारण सर तपासल्याशिवाय काही मानत नसत. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते आणि शाळा सुटली तरी विज्ञान सुटलं नव्हतं. सकाळी उठून बाहेर जायचे, स्वतःच्याच दाराची घंटी वाजवायचे आणि आत येऊन "चालू आहे" म्हणायचे. भाजीवाली म्हणाली की भेंडी कोवळी आहे, तर तिच्यासमोर एकेका भेंडीचं टोक मोडून बघायचे. काकू म्हणाल्या, डोकं दुखतंय, तर विचारायचे, "वाटतंय का दुखतंय?" त्यांचं ठरलेलं बोलणं होतं: "वाटणं राहू द्या. तपासलं का?" गल्लीतलं कुणी वारल्याचा निरोप घेऊन एक माणूस आला, तर त्यालाही यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः बघितलं का?" काकू आतून धावत आल्या आणि त्या माणसाला हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. काकूंचं निम्मं आयुष्य असं हात जोडण्यात गेलं असावं.

आणि पोर्चमध्ये ती गाडी. जुनी, पांढरी, कार्ब्युरेटरवाली. पण ठिणगी पाडायचं काम इलेक्ट्रॉनिक. पहिल्याच रविवारी सरांनी मला बॉनेटपाशी उभं केलं आणि वर्गात शिकवावं तसं बोटानं दाखवत सुटले. "हे कॉइल. बॅटरीचं व्होल्टेज वाढवतं. हा डिस्ट्रिब्युटर. ठिणगी एकेका प्लगला वाटून देतो. त्याच्या पोटात पिकअप. इंजिन फिरत कुठवर आलं त्याचा इशारा देतं. आणि हे मॉड्यूल." मॉड्यूल म्हणजे काडेपेटीएवढा काळा डबा, एका धातूच्या पाटीवर स्क्रूनं आवळलेला. "हा मालक. ठिणगी कधी पाडायची ते हा ठरवतो."

गाडीला एकच रोग होता. थंड असली की एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. चांगली तापली की चालता चालता गप. ढकला, सेल्फ मारा, काही करा, हूं नाही की चूं नाही. मग झाडाखाली उभी राहून गार झाली की जणू काही झालंच नाही अशी सुरू.

सर एकेक भाग काढून जेवणाच्या टेबलावर आणायचे. वर्तमानपत्र अंथरायचे, मल्टीमीटरच्या तारा लावायचे आणि निकाल वाचून दाखवायचे. "कॉइल पास. पिकअप पास. मॉड्यूल पास." काकू ताटं हातात धरून उभ्या असायच्या. टेबलावर सगळे पास आणि रस्त्यावर गाडी नापास. मॉड्यूलही त्यांनी बदलून बघितलं होतं, एकदा नाही, अनेकदा. नवीन मॉड्यूल घातलं तरी गाडी तशीच तापून बंद पडायची. म्हणून मॉड्यूल निर्दोष, हे त्यांचं गणित पक्कं झालं होतं. "इतकी मॉड्यूलं एकाच रोगानं मरत नाहीत, इंजिनिअर. दोष दुसरीकडं आहे."

"गॅरेजला दाखवू या का, सर?" मी एकदा विचारलं.

"गॅरेजवाला काय करणार? हे बदल, ते बदल. एक दिवस चुकून बरी होईल. पण दोष कुठं होता ते कळणार नाही." मग म्हणाले, "मला कळायला पाहिजे."

ते असं का म्हणाले, ते तेव्हा मला कळलं नाही. मला एवढंच कळत होतं, की रविवार आला की सुटका नाही.

कारण दोष शोधायचा तर गाडी तापवायला पाहिजे, आणि तापवायची तर हिंडवायला पाहिजे. सर गाडी चालवायचे, मी शेजारी मांडीवर अवजारांची पिशवी घेऊन. जालना रोडवरून आम्ही ती बंद पडायची वाट बघत फिरायचो. शहाणी माणसं गाडी बंद पडू नये म्हणून देवाचं नाव घेतात. आम्ही ती कुठं बंद पडतेय म्हणून कान लावून बसायचो. आणि ती बरोबर चौकात पडायची.

आकाशवाणीच्या चौकातली दुपार मी विसरू शकत नाही. सिग्नल हिरवा झाला आणि गाडी गप झाली. मागून हॉर्नचा कालवा. सर चपळाईनं उतरले, बॉनेट उघडलं, एक प्लग बाहेर काढून त्याला वायर जोडली आणि माझ्या हातात दिला. "इंजिनला टेकवून धरा. मी सेल्फ मारतो. ठिणगी पडती का बघा."

ट्रॅफिकचा हवालदार शिट्टी वाजवत आला. "ओ काका, बाजूला घ्या गाडी! काय प्रयोगशाळा काढली का इथं?"

"दोन मिनिटं साहेब, ठिणगी बघू द्या," सर म्हणाले. "गाडी गार झाली की पुरावा जातो."

"कसला पुरावा?"

सर त्याला समजावून सांगायला लागले. त्या गडबडीत मी प्लग नीट टेकवला की नाही कुणास ठाऊक. तेवढ्यात गाडी थोडी गार झाली असावी. ठिणगी पडली, पण माझ्यातून. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो शेजारच्या रिक्षातल्या पोरानं मोबाईलच्या व्हिडिओत टिपला होता. सोमवारी कंपनीच्या बसमध्ये चढलो तर मागच्या बाकावरून तोच आवाज आला आणि सगळी बस हसली. मी खिडकीतून बाहेर बघत वाळूजपर्यंत गेलो. संध्याकाळी सरांना सांगितलं, तर त्यांनी माझा मोबाईल मागून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मला वाटलं, आता सॉरी म्हणतील. म्हणाले, "ठिणगी निळी होती. म्हणजे कॉइल पास."

मी खोली सोडायचा विचार केला होता. काकूंना तसं सांगायलाही गेलो. सर बँकेत गेले होते, काकू लसूण सोलत बसल्या होत्या. मी म्हणालो, "काकू, ती गाडी विकून का टाकत नाही?"

काकू सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "वर्षाच्या लग्नापासून झालंय हे."

वर्षा त्यांची एकुलती एक मुलगी, वैजापूरला दिलेली. सासरे कांद्याचे व्यापारी, मार्केट यार्डात नाव असलेले. लग्न संभाजीनगरलाच झालं. पाठवणीला तिकडच्यांनी फुलांनी सजवलेली गाडी आणली होती. पण सर हटून बसले, की माझी लेक माझ्याच गाडीतून जाईल आणि मी स्वतः तिला सासरच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन घालीन. "गाडी मी स्वतः तपासलीय, ती बंद पडणार नाही," असं भर मांडवात त्यांनी सगळ्यांना सांगितलं. बापानं असं सासरी सोडायला जायची पद्धत नाही, कुणीतरी बोललंही. पण सरांपुढं कोण बोलणार? गाडी लासूर स्टेशनच्या अलीकडं बंद पडली. भर उन्हाळा. शेवटी पोरगी मागून येणाऱ्या सामानाच्या टेम्पोत बसून गेली.

"तेव्हापासून हे वैजापूरला गेले नाहीत," काकू म्हणाल्या. "मी एकटी एसटीनं जाऊन येते. ते म्हणतात, दोष सापडला की गाडी घेऊन जाऊ."

ऐकून मला वाटलं, एवढंच? गाडी बंद पडली, पोरगी टेम्पोतून गेली. कुणाच्याही लग्नात होतं असलं काहीतरी. माणूस फारच मानी दिसतोय. पण काकूंचा चेहरा बघून खोली सोडायचं बोलणं मी गिळलं.

दिवाळीत वर्षा माहेरी आली. मीच फाटक उघडलं. सर पोर्चमध्ये प्लग घासत बसले होते. "आलीस?" "हो." "पाणी पी." एवढंच. दुपारभर ती आत, ते बाहेर. काकू लाडू-चिवड्याच्या बशा घेऊन दोघांच्या मधे येरझारा घालत होत्या. संध्याकाळच्या एसटीनं ती परत गेली. मी वरच्या गच्चीवरून बघत होतो. बाप-लेकीचं काहीतरी मोठं भांडण झालेलं असणार, आणि दोघंही एकमेकांना माफ करायला तयार नाहीत, असं मी ठरवून टाकलं.

माझ्याकडं एक जुना कॉम्प्युटर होता. उन्हाळा लागला तसा तो मधेच बंद पडायला लागला. एका रविवारी मी तो उघडून जमिनीवर पसरला होता. प्रोसेसरवरचा पंखा काढला, खालची वाळलेली पेस्ट फडक्यानं पुसली आणि नवीन पेस्टच्या सिरिंजचं टोपण काढलं, तेवढ्यात सर टाकी भरल्याचं सांगायला वर आले.

"हे काय लावताय?"

"पेस्ट आहे सर. हा प्रोसेसर तापतो. त्याची उष्णता वरच्या धातूच्या ठोकळ्यात जायला पाहिजे. दोन्ही कितीही गुळगुळीत दिसले तरी मधे हवा राहते. पेस्ट ती फट भरून काढते."

"आणि नसली तर?"

"तापून बंद पडतो. गार झाला की परत चालू. आठवडाभर माझं हेच चाललंय."

सरांना काही शिकवायची संधी आधी कधी आली नव्हती. मला तोरा चढला. "आणि गंमत म्हणजे सर, नवीन प्रोसेसर आणून बसवला तरी हेच होणार. दोष प्रोसेसरचा नाहीच."

मी मान वर केली. ते मी खाली टाकलेलं फडकं उचलून खिडकीशी घेऊन गेले होते. त्याच्यावरचा पांढरा डाग त्यांनी बोटानं चोळून बघितला, वास घेतला.

"पांढरीच असती?"

"बहुतेक. कधी करडी."

ते बाहेर गेले आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसले. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, चक्कर आली.

"मी पुसली," ते म्हणाले.

"काय सर?"

"लग्नाच्या आधी गाडी आरशासारखी करायची म्हणून मी सगळं उघडलं होतं. मॉड्यूल काढलं, तर खाली पांढरं काहीतरी माखलेलं. वाळलेल्या दह्यासारखं. मला वाटलं, कुण्या मिस्त्रीची घाण राहिलीय. पेट्रोल लावून घासून घासून काढली. पाटी लख्ख केली." ते फडकं अजून त्यांच्या हातात होतं. "नंतर आणलेल्या दर मॉड्यूलच्या डब्यात एक बारकी पुडी असायची. मला वाटायचं, डिंक. मी तर स्क्रूनं आवळतोय, डिंक कशाला? दर वेळी फेकली."

"सर, हे कुणालाच कळलं नसतं."

"पुडीवर लिहिलेलं होतं," सर म्हणाले. "मी चष्मा लावला नाही."

मघाशी मी ज्या तोऱ्यात बोललो होतो त्याची मला इतकी लाज वाटली, की त्यांच्या शेजारी बसायचीही हिंमत झाली नाही. मी दारात उभा राहिलो. ते जिन्यावर. खालून काकू जेवायला हाका मारत राहिल्या.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पेस्ट मागायला येतील. आले नाहीत. गाडीवर त्यांनी ताडपत्री टाकली. दाराची घंटी वाजवून बघणं बंद झालं. भाजीवाली देईल ती भाजी घेऊ लागले. एकदा तर काकूच मला म्हणाल्या, "दादा, काय झालंय हो यांना? काल निबर भेंडी घेतली आणि मुकाट्यानं खाल्ली." मी काही सांगितलं नाही. ते माझ्या तोंडून सांगायचं नव्हतं.

मग एका रविवारी ते वर आले. "इंजिनिअर, ती पेस्ट द्या."

मॉड्यूल काढलं, खाली पेस्टचा पातळ थर दिला, परत आवळलं. या वेळी स्क्रूड्रायव्हर त्यांनी माझ्या हातात दिला, स्क्रू मी फिरवला. भर दुपारी आम्ही गाडी काढली. दौलताबादपर्यंत गेलो, आणखी तापावी म्हणून चढावर खालच्या गिअरमध्ये दामटली. गाडी बंद पडली नाही. किल्ल्याच्या अलीकडं एका रसवंतीसमोर सरांनी गाडी बाजूला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. "चालू राहू द्या. बघू," म्हणाले. आम्ही आतच बसून राहिलो. इंजिन एकसारखं चालत होतं.

"सापडला सर दोष," मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला होता.

"सापडला," ते म्हणाले. "सापडेपर्यंत बरं होतं. गाडीवर चिडता येत होतं."

मग समोरच्या काचेकडं बघत त्यांनी मला त्या दिवसाचं सांगितलं, जे काकूंनाही माहीत नव्हतं.

"गाडी बंद पडली. वऱ्हाडाची बस आणि ती सजवलेली गाडी पुढं निघून गेली होती. मी बॉनेट उघडलं. जावई उतरले, आपल्याकडची करवली उतरली, वर्षा उतरली. सावली नव्हती कुठं. मागून सामानाचा टेम्पो आला, त्यात त्यांच्याकडच्या बायका. व्याही पण कुणाच्या तरी मोटरसायकलवरून परत आले. ते मला म्हणाले, 'सर, ऊन लई झालंय. पोरीला फुडं जाऊ द्या.' मी म्हणालो, पाच मिनिटं. थोड्या वेळानं परत म्हणाले. मी म्हणालो, पाचच मिनिटं. मांडवात सगळ्यांसमोर बोललो होतो ना, की बंद पडणार नाही. मी कॉइल बघत होतो, वायरी बघत होतो. मग वर्षा आली जवळ. म्हणाली, 'बाबा, येते मी.'"

त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"मी मान वर केली नाही. नुसता हात मागं केला. म्हणालो, 'पाना दे.' लहानपणापासून तीच द्यायची ना पाने-पकडी. तिनं दिला. नवरीच्या शालूत, हिरव्या चुड्यात, तिनं पिशवीतून शोधून बरोबर पाना काढून दिला माझ्या हातात. मी नट ढिला केला. मग कधीतरी मान वर केली तर रस्ता मोकळा होता. मी एकटाच. गाडीत बसून किल्ली फिरवली, तर गाडी सुरू झाली."

रसवंतीवाल्यानं खिडकीशी येऊन रस हवा का विचारलं. सरांनी नको म्हणून मान हलवली. मी खाली बघत होतो. आकाशवाणी चौकातली माझी फजिती, बसमधलं हसणं, ज्यासाठी मी खोली सोडायला निघालो होतो, ते सगळं त्या वेळी मला फार किरकोळ वाटलं.

"आता जायला पाहिजे," सर म्हणाले. "तिला सांगायला पाहिजे, की गाडीचा दोष नव्हता."

पुढच्या रविवारी आम्ही वैजापूरला गेलो. काकू मागं बसल्या, मांडीवर अनारशांचा डबा. लासूर स्टेशन आलं तसं गाडीतलं बोलणं बंद झालं आणि ते मागं पडेपर्यंत बंदच राहिलं.

वर्षाचं घर गावाच्या कडेला. मागं कांदा साठवायची चाळ. आम्ही येणार हे काकूंनी फोनवर सांगितलं होतं, तरी सर खरंच येतील असं कुणाला वाटलं नसावं. व्याही ओसरीत बसले होते. उंच, कमी बोलणारे. त्यांनी उठून हात जोडले आणि परत बसले. सर बसलेच नाहीत. वर्षा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्यामागं तिची सासू, मग नवरा. सगळे जमलेले बघून सरांनी बोलायला सुरुवात केली, उभ्यानंच.

"त्या दिवशी गाडी बंद पडली, त्याचं कारण सापडलं. मॉड्यूल नावाचा भाग असतो. त्याच्याखाली पांढरी पेस्ट असते. ती उष्णता वाहून नेते. ती मी लग्नाच्या आधी घाण समजून पुसली होती. गाडीचा दोष नव्हता. माझा होता."

कुणाला काही कळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "बसा की वो पाव्हणं. च्या टाकते." व्याही जमिनीकडं बघत राहिले.

"आणि तू निघालीस तेव्हा मी..." सर वर्षाकडं वळले.

वर्षानं तांब्या खाली ठेवला. "बाबा, तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही?"

"काय?"

"टेम्पोतलं."

सरांनी काकूंकडं बघितलं; त्यांनाही काही माहीत नव्हतं.

"मला वाटलं, करवलीनं सांगितलं असंल. म्हणून तुम्ही बोलत नाही." वर्षा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी टेम्पोत चढले तर बायका तुम्हाला हसत होत्या. काय येडा माणूस म्हणत होत्या. मला वाटलं, मी हसले नाही तर मी पण तसलीच ठरेन. तर मीच त्यांना तुमची गंमत सांगितली. पहिलं स्थळ बघायला आलं होतं ना, त्या मुलाला तुम्ही दाराशी उभं करून भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचायला लावली होती. एक डोळा झाकून. मग दुसरा. ती सांगितली. नक्कल करून सांगितली. बायका पडून पडून हसल्या. मी पण हसले. तुम्ही तिकडं उन्हात एकटे होता, आणि मी हसत हसत सासरी आले."

काकूंनी अनारशांचा डबा पोटाशी धरला होता.

सरांनी समोरच्या भिंतीकडं बघितलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "त्याला डाव्या डोळ्यानं खरंच दिसत नव्हतं."

जावयाला हसू आवरलं नाही. "मग मला का नाही वाचायला लावलं, सर?"

"तुम्ही आला त्या दिवशी भिंतीवर कॅलेंडरच नव्हतं."

"मी काढून गादीखाली ठेवलं होतं," वर्षा म्हणाली.

सासूबाई हसल्या, काकू हसल्या, सर पण हसले. पण त्यांचं हसणं सगळ्यांच्या आधी संपलं. "हात धुऊन येतो," म्हणत ते मागच्या दारानं बाहेर गेले. थोड्या वेळानं मी बघायला गेलो. हौदाशी नव्हते. कांद्याच्या चाळीच्या सावलीत, माझ्याकडं पाठ करून उभे होते.

"सर, जेवायला बोलवतायत."

"इंजिनिअर," ते वळले नाहीत. "मला वाटत होतं, लाज माझ्या एकट्याजवळ आहे. पोरगी पण घेऊन बसली होती. परक्या घरात, नवी नवरी. मी एकदा विचारलं असतं, कशी आहेस, तर तिची तरी गेली असती. मी गाडीलाच विचारत बसलो." मग म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मला आत जाववत नाही."

मी आत आलो. सरांचं सोडून बाकीची पानं वाढलेली होती, शेवग्याच्या आमटीची वाफ निघत होती. "येतायत," मी खोटंच सांगितलं. आम्ही बसून राहिलो. कुणीच पानाला हात लावला नाही. वर्षा दारात जाऊन उभी राहिली आणि तिथंच थांबली.

मग व्याही उठले. आल्यापासून त्यांनी एक शब्द काढला नव्हता. ते वर्षाच्या बाजूनं मागच्या दारातून बाहेर गेले. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा त्यांनी सरांचं डावं मनगट धरलं होतं. सर खाली मान घालून मागून येत होते. व्याह्यांनी त्यांना आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं, वर्षाला म्हणाले, "तुझ्या बापाला वाढ आधी," आणि सरांनी पहिला घास तोंडात घालेपर्यंत त्यांचं ते डावं मनगट सोडलं नाही.